गच्चीवर गरम पाण्याचा टब बसवू इच्छिणाऱ्या लातूरकरांस

परवा गुरुवारी आमच्या गच्चीवर पुण्याहून एक इंजिनिअर येऊन गेला. एकवीस दिवस त्याची वाट बघितली; मृगाचीसुद्धा मी एवढी बघत नाही. आला, चहा नको म्हणाला, टबाच्या बाजूची फळी काढली, हीटर ओढून बाहेर घेतला, त्यावरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि म्हणाला, "सर, तुमचं पाणी खराब आहे." वॉरंटीत बसत नाही. भेटीचे २००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३६०. सात मिनिटं. जाताना मोबाइल पुढे करून पाच स्टार मागितले. तेही दिले. आपण लातूरची माणसं, दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही.

त्या २३६० रुपयांत जे ज्ञान मिळालं ते तुम्हाला फुकट देतो, कारण आमच्या साडूभाऊंसकट ओळखीतले चार जण सध्या टबाची चौकशी करायलेत. घ्या. जरूर घ्या. औसा रोडला बंगला आहे, दारात दोन गाड्या आहेत, पोरगा बेंगळुरूला आहे, मग टब नसणं बरं दिसत नाही.

आधी कारण ठरवा. हौस म्हणून घेतला असं कुणाला सांगू नका, गुडघे पुढे करा. मीही तेच केलं. प्रदर्शनातल्या विक्रेत्याने मला, असल्या टबाला ज्यांचं नाव पडलं त्या ज्याकुझी घराण्याची गोष्ट सांगितली. इटलीतून अमेरिकेत गेलेले भाऊ, त्यांतल्या एकाच्या लहानग्या मुलाला संधिवात, बापाचा जीव तुटला, म्हणून १९५६ साली घरच्या टबात सोडून पाणी घुसळायचा पंप काढला. ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी घरात तेवढंच होतं, नळाची पाळी तीन दिवसांवर होती. गोष्ट खरी आहे, पण उरलेली अर्धी मी ॲडव्हान्स दिल्यावर वाचली: त्या घराण्याचा जम बसला तो विहिरीतून पाणी उपसायच्या पंपांवर. म्हणजे आधी विहीर, विहिरीला पाणी, मग टब. हा क्रम पाळायलाच पाहिजे असं काही नाही. आपण टबापासून सुरुवात करून पाणी शोधत जाऊ.

जागा गच्चीवरचीच धरा. खाली अंगणात ठेवला तर शेजाऱ्यांना दिसत नाही. रिकामा टब ३०० किलो, पाणी १२०० लिटर म्हणजे १२०० किलो, वर आमच्या घरची चार माणसं, ती सगळी मिळून ३००. झाले १८०० किलो, आणि ते टेकणार दोन बाय दोन मीटरच्या चौकोनावर. म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे. वापरत्या गच्चीचा स्लॅब साधारण दीडशेचा भार धरून काढतात. तिप्पट फक्त! घराचा नकाशा काढणाऱ्याला विचारत बसू नका, तो उगाच नाही म्हणेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आपण कुठे होतो हे आपल्या जिल्ह्यात कुणालाच विचारावं लागत नाही. गणपती बोळवून आलेली माणसं नुकती डोळा लागून झोपली होती आणि किल्लारीच्या बाजूला माळवदांची माती अंगावर आली. तेव्हापासून आपण शहाणे झालो, आरसीसीचं बांधलं. आणि आता त्या आरसीसीच्या डोक्यावर बाराशे किलो पाणी खेळवतो. आई टबाखालच्या खोलीत झोपायची. आता झोपत नाही. "बाळा, एवढं पाणी आंगावर घेऊन निजू का मी?" म्हणाली, आणि उशी घेऊन देवघराशेजारी गेली.

अर्थिंग नीट करून घ्या आणि ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. हे मी चेष्टेने सांगत नाही.

आता गरम करण्याचं. मी कोचिंगला फिजिक्स शिकवतो, पंचवीस वर्षं झाली. लातूर पॅटर्नमध्ये हा दोन मिनिटांचा प्रश्न आहे. डिसेंबरात टाकीचं पाणी २० अंश, टबात हवं ३९. वस्तुमान १२००, फरक १९. उत्तर साडेसव्वीस युनिट. हीटर ३ किलोवॉटचा, म्हणजे एक कॅलरीसुद्धा वाया गेली नाही तरी जवळपास नऊ तास. संध्याकाळी सातला बटण दाबा, पहाटे चारला टब तयार. मधे लाईट गेली तर सूर्योदय टबातून बघा. हजारो पोरांकडून मी हा हिशेब करून घेतला, त्यातली किती तरी डॉक्टर झाली, आणि चेक फाडताना माझ्या एकट्याच्या लक्षात राहिला नाही.

उन्हाळ्यात मात्र वीज वाचते. मे महिन्यात बाहेर ४२ अंश, काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात लावू देत नाही. पुस्तिकेत लिहिलंय की पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नये आणि त्यात पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. हे ज्यांनी लिहिलं त्यांनी आपल्याकडची बारा छत्तीसची लग्नं बघितलेली नाहीत.

झाकण जाड आणि सपाट घ्या. कुरडया चांगल्या वाळतात.

बीपीची गोळी चालू असेल तर टबात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईला आणि लहान लेकरांना अजिबात बसवू नका.

पाहुण्यांना मात्र बसवावंच लागतं. दिवाळीत मेहुणे सहकुटुंब आले, आणि आमच्या हिने कौतुकाने जाहीर केलं की यंदाचं अभ्यंगस्नान गच्चीवर. तिळाचं तेल, उटणं, वर शिकेकाई. टबातलं क्लोरीन लिटरला तीन ते पाच मिलिग्रॅम ठेवायचं असतं. ते बिचारं अर्ध्या तासात तेलाशी आणि उटण्याशी लढून संपलं. फिल्टरमधून जे निघालं ते पोळ्याला बैलाच्या अंगावरून निघतं तसं होतं. पाणी कोमट, क्लोरीन गेलेलं, म्हणजे सुडोमोनास नावाच्या जंतूंची दिवाळी. पाडव्याला तीन पाहुण्यांच्या पाठीवर पुरळ. मेहुण्यांनी काय विचारावं? "करंज्यांत कोणतं तेल वापरलं?"

पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ ठेवायचा. रोज पट्टी बुडवून बघायचा. पट्ट्या लातुरात मिळत नाहीत.

आता मुख्य विषय, पाणी. (इथं मी एक ग्लास पाणी पिऊन आलो.) आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो, तोही कधी रात्री दोनला, त्यामुळे टब काही नळाच्या पाण्यावर भरत नाही. राहिला बोअर. आमचा हा तिसरा. पहिल्या दोन्हींतून धूळ निघाली, हा साडेसातशे फुटांवर लागला. काळ्या खडकातून एवढ्या खालून येताना पाणी वाटेतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं सोबत घेऊन येतं. पुस्तिकेच्या एकेचाळिसाव्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलंय की टबात घालायच्या पाण्याचा जडपणा लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे. आमच्या पाण्यात पट्टी बुडवली तर ती शेवटच्या रंगाच्याही पुढे गेली. आपल्या देशाचं पिण्याच्या पाण्याचं मानक, दुसरी सोय नसेल तर, ६०० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे बघा, माणसाला जे पाणी प्यायला चालतं ते टबाला पार्श्वभाग बुडवायला चालत नाही!

असलं पाणी तापवलं की चुना सुटतो आणि जिथं सगळ्यात गरम तिथं, म्हणजे हीटरवर बसतो. थर वाढला की हीटरची उष्णता पाण्यात जात नाही, आतल्या आत कोंडते, आणि एक दिवस कॉइल जळते. यात गूढ काही नाही. गिझरचं हेच होतं, चहाच्या पातेल्याचं हेच होतं, लातुरातल्या कुठल्याही बाईला विचारा. मग उपाय? पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर लावा, इंजिनिअर म्हणाला. त्यात मिठाच्या गोण्या ओता, आणि दर काही दिवसांनी तो धुवायला पुन्हा पाणी सोडा. ते खारट पाणी ना झाडाला चालतं ना गुरांना. नाही तर आरओचं पाणी भरा, म्हणाला. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. टब १२०० चा. म्हणजे निदान २४०० लिटर गटारीत. आणि हे एकदा करून भागत नाही, दर तीन-चार महिन्यांनी टबातलं पाणी अख्खं बदलायचं. नाही तर टँकर मागवा, म्हणाला. टँकरवाला पाणी कुठनं भरतो, बाबा? बोअरवरनंच ना?

हे सगळं तो मला गुरुवारी सांगतोय. विकताना कुणी सांगितलं? विकताना नुसती बटणं दाखवली, निळे-जांभळे दिवे लावून दाखवले, मानेला फवारा कसा लागतो ते दाखवलं. पाच वर्षांची वॉरंटी, म्हणाले. ती पाच वर्षं टबाच्या कवचाची आहेत. कवचाला काय होतंय? हीटर, पंप, सर्किट यांची दोन वर्षं, आणि तीसुद्धा 'पाण्याचा दर्जा योग्य राखल्यास'. लातुरात येऊन मांडव घालता, लातूरच्या माणसाला टब विकता, आणि लातूरचं पाणी कसं आहे हे तुम्हाला हीटर जळल्यावर कळतं? मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावलेलं हे गाव आहे. एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, जगभरच्या पेपरांत फोटो आले, तुमच्या एकट्याच्या दुकानात पेपर येत नव्हता? पाणी खराब आहे म्हणे. आमचं पाणी खराब नाही, आमच्याकडे पाणी नाही, आणि जे आहे ते साडेसातशे फुटांवरून ओढून आणलेलं आहे. त्याला खराब म्हणायचे २३६० घेता?

पण त्यांना तरी किती बोलावं. ते विकायलाच बसलेत. तुमचं काय?

साडूभाऊ, तुम्हालाच म्हणतोय, आणि तुमच्या त्या तीन मित्रांना. त्या पहिल्या जलदूत गाडीला दहा डबे होते, पाच लाख लिटर पाणी होतं. तुम्ही माझ्यासोबत स्टेशनला बघायला आला होतात. डब्याला हात लावून नमस्कार केला होतात तुम्ही. मी परवा आकडेमोड केली: त्या गाडीत असले चारशे टब भरले असते. अख्ख्या शहरासाठी साडेतीनशे किलोमीटरवरून आणलेलं पाणी, आणि आपण वर्षाला तीन-चारदा बाराशे-बाराशे लिटर भरून त्यात तेलकट पाय सोडून बसायचं? आणि मी पहिला गाढव. मी शिक्षक आहे, मला हिशेब येतो, तरी मी घेतला, कारण समोरच्या क्लासवाल्याने घरात थिएटर केलं होतं. गुडघेबिडघे सगळं खोटं. गुडघे दुखायचे ते अजूनही दुखतात, वर आता गच्चीचा जिना चढावा लागतो. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नांदेडकडे किनवटच्या पलीकडे उनकेश्वरला जमिनीतून गरम पाणी आपोआप येतं, गंधकासकट, जाऊन बसून ये. मी हसलो होतो. तिथं हीटर नाही, त्यामुळे तो जळत नाही.

घेऊ नका. ऐकायलाव का? पाळीचा दिवस कधी आहे ते फ्रीजवर लिहून ठेवणारी माणसं आपण, बोअर आटला की शेजाऱ्याच्या मोटारीचा आवाज ऐकत झोपणारी. रील बघून घेऊ नका, मेहुण्याला दाखवायला घेऊ नका, माझा फुकट मिळतोय म्हणून तर मुळीच घेऊ नका. परवा तुम्ही फोनवर "हीटर बदलला की चालेल ना?" असं विचारलंत, तेव्हा मी फोन का ठेवला ते आता कळलं असेल.

टब उतरवायचा ठरलाय. क्रेनवाल्याला फोन केला. चढवायचे सहा हजार घेतले होते, उतरवायचे नऊ सांगतोय, तारा मधे येतात म्हणे, जशा काही चढवताना नव्हत्या. आत पाणी आहे का, असं विचारत होता. म्हटलं, आहे. खराब आहे.