होमस्टेची वेबसाइट करताय? या, बसा

वरच्या मजल्यावर दोन खोल्या चढवल्या, पुढे पत्र्याची शेड घातली, रस्त्यावर पाटी लागली, आता फक्त वेबसाइट राहिलीय ना? मग जरा ऐका. मी आमच्या मामांची केलीय, गुहागरच्या पुढे होमस्टे आहे त्यांचा, म्हणजे अनुभवाचे बोल आहेत.

सुरुवात स्वागतानेच करा. 'आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे', आणि खाली मालकांचा फोटो, शाल-श्रीफळ घेताना, बाजूला माजी सरपंच. ठाण्याचा माणूस बायको-मुलं आणि गुडघे दुखणारी आई घेऊन यायचं म्हणतोय, त्याला आधी हेच बघायचं असतं की तुमचा सत्कार कधी झाला. खोलीचा फोटो नको. खोली ती खोली, गादी, पंखा, खिडकी, त्यात काय दाखवायचं? त्यापेक्षा ड्रोनवाला बोलवा आणि वरून नारळाची वाडी काढा. वरून सगळ्या वाड्या सारख्याच दिसतात, शेजाऱ्याची टाकली तरी कोणाला कळत नाही. मामांनी शेजाऱ्याची टाकलीय, शेजाऱ्याने मामांची, फिटंफाट.

संडासाचा फोटो तर अजिबात नको, शोभतं का ते? कमोड आहे, चांगला नवीन बसवलाय, पण तसं लिहायला लाज वाटते म्हणून 'सर्व आधुनिक सुविधांनी सुसज्ज' लिहा. त्या आईच्या गुडघ्यांनी समजून घ्यायचं.

मजकुरात 'निसर्गाच्या कुशीत' पाहिजेच, आणि 'समुद्र हाकेच्या अंतरावर'. हाक कोणाची ते लिहायचं नाही. मामांची हाक वरच्या वाडीला ऐकू जाते, त्या हिशोबाने बरोबरच आहे. पायी वीस मिनिटं, येताना एक चढ, असं सरळ लिहिलंत तर पाहुण्याला लगेच कळेल ना! जेकब नील्सन म्हणून एक वेबवाले अभ्यासक आहेत, त्यांनी १९९७ साली सांगितलं होतं की त्यांच्या चाचणीतले ७९ टक्के लोक नवीन पान नुस्तं चाळतात आणि शब्द न् शब्द वाचणारे फक्त १६ टक्के. म्हणजे लोकांची नजर मथळ्यावर, ठळक अक्षरांवर, पहिल्या ओळीवर पडते. आपण काय करायचं, तिथे कामाचं काही ठेवायचंच नाही. जेवणात मासे मिळतील का, गाडी दारापर्यंत येते का, हे सगळं सातव्या परिच्छेदात घाला, पणजोबांनी घर कसं बांधलं त्याच्यानंतर.

माशांवरून आठवलं, 'पावसाळी पॅकेज, ताजी सुरमई' हे मोठ्या अक्षरात पाहिजे. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते हे गावातल्या पोरालाही माहितीय, पण गिऱ्हाईक कुठे गावातलं आहे? आल्यावर काळ्या वाटाण्याची आमटी वाढायची. चांगली होते मामीची.

आता दरपत्रक. डीटीपीवाल्याकडे जा, तो त्याच्या जुन्या फॉन्टात सुरेख बनवून देतो, पण तोच मजकूर कॉपी करून वेबसाइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोड म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर तीच अक्षरं दिसावीत अशी सोय, त्यात देवनागरी १९९१ पासून आहे, पण त्याला घाई नाही. मी मामांना म्हटलं, मी सगळं परत टाइप करतो, तर म्हणाले, "कशाला रे बाबा, फोटो काढ नि चढव." चढवला. आता दर, फोन नंबर, गावाचं नाव सगळं एका चित्रात आहे, पांढऱ्यावर फिकट सोनेरी, लग्नपत्रिकेसारखं. नंबरावर बोट दाबलं तर फोन लागत नाही, कागदावर उतरवून घ्यावा लागतो. ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाइल पान वाचून दाखवतो, तो त्या चित्रापाशी येऊन 'आयएमजी शून्य शून्य चार दोन' म्हणतो आणि पुढे जातो. चित्राला वर्णन लिहायची सोय असते, 'समुद्राकडची खोली, दोन खाटा' एवढं एका ओळीत लिहिता येतं, पण तेवढ्यात माझा एक चहा झाला असता.

फोटो मोबाइलमधून निघाले तसेच टाका, लहान करू नका. एकेक चार-पाच एमबीचा, असे बारा, आणि सगळे एकापाठोपाठ आपोआप सरकणारे, म्हणजे एक नीट बघतोय तोवर दुसरा. घाटात रेंजची एक काडी असते तेव्हा पाहुण्याला पान उघडेपर्यंत शाल दिसते, मग श्रीफळ, आणि सरपंच यायच्या आत बोगदा. मामांना पान उघडल्यावर सनई पण पाहिजे होती, पण क्रोमवाल्यांनी २०१८ पासून आपोआप वाजणारा आवाज अडवायला सुरुवात केली, त्याचा मामांना अजून राग आहे.

एवढं केलंत की शनिवारी सकाळी फोन सुरू होतील. "कमोड आहे का?" "समुद्र किती लांब?" "एका माणसाचे किती?" प्रत्येकाला मामा बोलतात तसंच बोला, जरा आवाज चढवून, "अहो, वेबसाइटवर सगळं दिलंय, बघितली नाहीत का?"