वासा वर आली, विक्रांत मोडीत गेली

स्टॉकहोममध्ये राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे आले की वासा या जुन्या युद्धनौकेच्या संग्रहालयाची फेरी चुकत नाही. तिथून बाहेर पडताना ठरलेला शेराही चुकत नाही: "पहिल्याच फेरीत बुडालेलं जहाज यांनी जपलं, आणि आपण एकाहत्तरच्या युद्धात लढलेली विक्रांत भंगारात विकली." हळहळ खरी आहे, पण हिशेब मला पटत नाही.

वासा बुडाली १० ऑगस्ट १६२८ रोजी. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याला युद्धासाठी जहाज हवं होतं आणि लवकर हवं होतं. ६४ तोफा, वरचा भाग अवजड, त्या मानाने तळ अरुंद. निघण्याआधी धक्क्यावरच ३० माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून तोल पाहिला, तेव्हा जहाज इतकं हेलकावलं की अॅडमिरल फ्लेमिंगने चाचणीच थांबवली. जहाज मात्र थांबवलं नाही! जेमतेम १३०० मीटर गेल्यावर वाऱ्याच्या झोताने ते कललं, खालच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि ३० च्या आसपास माणसं गेली. कप्तानाला पकडलं, चौकशी बसली, शिक्षा कुणालाच झाली नाही. मापांना मंजुरी खुद्द राजाची होती आणि जहाज बांधणारा मुख्य कारागीर आदल्या वर्षीच वारला होता. चौकशीचा हा शेवट आपल्याकडच्या वाचकाला परका वाटू नये.

पुढे स्वीडिश लोकांनी तरी काय जपलं? १६६४-६५ मध्ये पाणबुड्यांना हवा धरून ठेवणाऱ्या मोठ्या घंटेतून खाली उतरवून बहुतेक तोफा काढून घेतल्या, आणि उरलेलं लाकूड विसरून गेले. ते टिकलं याचं श्रेय बाल्टिक समुद्राला. इथलं पाणी कमी खारट असल्याने लाकूड पोखरणारा समुद्रकिडा त्यात जगत नाही. १९५६ मध्ये आंदेर्स फ्रांसेन या हौशी संशोधकाने जहाज शोधलं आणि २४ एप्रिल १९६१ रोजी ते पाण्याबाहेर आलं.

त्याच वर्षी ४ मार्चला बेलफास्टमध्ये विक्रांत भारतीय नौदलात दाखल झाली होती. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, मग मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये असुरक्षित ठरून बंद झाली आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना विकली गेली. कोर्टकचेरी, मोर्चे, अग्रलेख सगळे त्या शेवटच्या वर्षा-दोन वर्षांतले. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी जहाज पाण्यात उभं ठेवायचं तर दुरुस्तीचा पैसा दर वर्षी लागतो. २०१४ मध्ये राज्य सरकारने "परवडत नाही" म्हटलं ते मला खोटं वाटत नाही. प्रश्न आधीच्या पंधरा वर्षांचा आहे, आणि त्याबद्दल आपल्या गटांवर कुणी भांडत नाही.

स्वीडनमध्ये वेगळं दिसतं ते याच बाबतीत. वासा वर काढल्यावर लाकूड सुकून तडकू नये म्हणून तिच्यावर १७ वर्षं रसायनाचा फवारा चालू होता. कायमचं संग्रहालय उघडलं १९९० मध्ये. दहा वर्षांत लाकडावर आम्लाचे क्षार दिसू लागले, मग हवेची यंत्रणा सुधारली, गंजलेले हजारो बोल्ट बदलले, आता खालचा आधार नव्याने बांधताहेत. या कामांवर कुणी पोवाडा रचणार नाही. अर्थात श्रीमंत, लहान लोकसंख्येच्या देशाला हे सोपं आहे, आणि तिकिटांची रांगही मोठी असते. तो फायदा महाराष्ट्राला नाही, हे मान्य करूनच बोललं पाहिजे.

आता नौदलाचं निवृत्त जहाज आयएनएस गुलदार सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजना आहे. कोकणात पर्यटक येतील, मासे येतील, माझा विरोध नाही. पण दहा वर्षांनी, पर्यटक ज्या वाटेने आत पोहतील तिथले गंजलेले पत्रे कोण तपासणार, आणि त्याच्या पगाराची तरतूद आत्ताच कागदावर आहे का, एवढं कुणीतरी विधानसभेत विचारावं.