विजा कडाडत असताना मैदान सोडणाऱ्या संघाला बाद ठरवू नका

आपल्याकडे नवी मुंबईत टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा मोसम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मेअखेरच्या वळवापर्यंत चालतो. म्हणजे त्याची सुरुवात परतीच्या पावसात आणि शेवट वळवाच्या सरींत. कोकणपट्टीत विजा सगळ्यात जास्त कडाडतात त्या नेमक्या याच दिवसांत. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत त्या मानाने गडगडाट कमी असतो. त्यामुळे “पावसात तर आपण फुटबॉलही खेळतो, काय होतंय” हे म्हणणं मे आणि ऑक्टोबरला लागू पडत नाही. तो पाऊस वेगळा, हा वेगळा. नोव्हेंबर लागला म्हणून आभाळ मोकळं झालं, असंही नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला, हे सगळ्यांनी पाहिलं आहे.

ऑक्टोबरात आणखी एक गोष्ट फसवते. पावसाळाभर आपल्याला खाडीकडे, पश्चिमेकडे बघून अंदाज बांधायची सवय लागलेली असते. परतीच्या दिवसांत वारा फिरलेला असतो. दुपारी सह्याद्रीवर ढग चढतात आणि संध्याकाळी किनाऱ्याकडे सरकतात. कर्जत, माथेरान, पनवेलकडची बाजू काळी झालेली असते आणि ऐरोलीच्या मैदानावर मावळतीचं ऊन पडलेलं असतं. पाऊस डोक्यावर यायच्या आधी वीज येऊ शकते. ढगाच्या कडेपासून १० किलोमीटर लांब, कोरड्या जागीही ती पडते.

मोजायची रीत सोपी आहे. चमक दिसली की सेकंद मोजायला लागा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. हे अंतर साधारण वाशी ते ऐरोली एवढं. ऐरोलीवर एक वीज पडली तर पुढची वाशीवर पडू शकते, इतकं ते जवळ आहे. ढग ताशी ४० किलोमीटरने सरकत असेल तर तो १० किलोमीटरवरून १५ मिनिटांत डोक्यावर येतो, आणि वीज त्याच्याही आधी पडू शकते. म्हणून लगेच दोन संघ, पंच, स्कोअरर, मंडपातली दोनशे माणसं आणि कुंपणाला टेकलेली पोरं पक्क्या छताखाली गेली पाहिजेत. “ही ओव्हर संपू दे” म्हणण्यात चार मिनिटं जातात.

डे-नाईट स्पर्धेत मात्र हे मोजणं जमतच नाही. समालोचकाचा स्पीकर, जनरेटर, बाजूला सायन-पनवेल महामार्ग किंवा ठाणे-बेलापूर रोड. पाच किलोमीटरवरचा गडगडाट त्यात विरून जातो, आणि फ्लडलाइटच्या उजेडात लांबची चमकही कळत नाही. म्हणून एक माणूस स्पीकरपासून दूर, पूर्वेकडे तोंड करून, हातात दामिनी ॲप घेऊन बसवावाच लागतो. हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं आहे, फुकट आहे, आणि आपल्याभोवतीच्या २० व ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का ते दाखवतं. ४० च्या वर्तुळात विजा दिसल्या की समालोचकाने माइकवरून सांगायचं, गाड्यांच्या चाव्या खिशात ठेवायच्या. २० मध्ये आल्या की खेळ बंद. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा सामना सुरू होण्याआधी बघून ठेवायचा. हा माणूस आयोजकांपैकी नसावा आणि कुठल्या संघाचाही नसावा. ज्याला सामना संपवायची घाई आहे त्याच्या हातात हा निर्णय देऊ नये.

थांबवणंसुद्धा वेळेत लागतं. ३ नोव्हेंबर २०२४ रोजी पेरूमधल्या चिल्का इथे पंचांनी फुटबॉलचा सामना थांबवला होता, खेळाडू चालत मैदानाबाहेर निघाले होते. त्या चालण्यातच वीज पडली आणि एक खेळाडू गेला.

आता थांबवलं तर जायचं कुठे? आपल्याकडे सगळी गर्दी मंडपात घुसते. ती सगळ्यात वाईट जागा. लोखंडी पाइप, वर ताडपत्री, खालून स्पीकरच्या आणि दिव्यांच्या वायरी. डगआऊटची पत्र्याची शेडही तशीच, झाडही तसंच. १९९१ मध्ये अमेरिकेत यूएस ओपन गोल्फच्या वेळी झाडाखाली थांबलेल्या प्रेक्षकांना वीज लागली, त्यात एक जण दगावला. बॉक्स क्रिकेटच्या टर्फला चारही बाजूंनी जाळी असते म्हणून आत सुरक्षित वाटतं. ती जाळी नायलॉनची असते आणि लोखंडाचे असतात ते उंच खांब. त्यात काडीचंही संरक्षण नाही.

“कोपऱ्यात टॉवर आहेत, वीज त्यांच्यावर पडेल” हे फार ऐकू येतं. पडेलही. पण टॉवरवरून उतरलेला प्रवाह जमिनीत जातो आणि तिथून चहूकडे पसरतो. विजेने होणाऱ्या दुखापती आणि मृत्यूंमध्ये मोठा वाटा याच जमिनीतल्या प्रवाहाचा असतो. तुमचे दोन पाय जमिनीच्या दोन वेगळ्या ठिकाणी असतात, त्या दोन ठिकाणच्या विद्युत दाबात फरक असतो, आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. रबरी बुटांचा इथे उपयोग नाही. आडवं झोपलात तर अंतर वाढतं आणि धोकाही वाढतो. तारेचं कुंपण आणि लोखंडी चौकटीची साईट स्क्रीन हा प्रवाह लांबपर्यंत वाहून नेतात, म्हणून त्यांना हात लावायचा नाही.

चालेल ती फक्त वायरिंग आणि नळ असलेली पक्की इमारत, किंवा काचा बंद केलेली चारचाकी नाहीतर बस. गाडी वाचवते ती धातूच्या कवचामुळे, टायरमुळे नाही. म्हणून रिक्षा आणि दुचाकी यात बसत नाहीत. सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग मैदानापेक्षा बरं, पण खांबाला टेकायचं नाही आणि जमलं तर आत लॉबीत जायचं. मैदानाशेजारच्या शाळेशी किंवा सोसायटीशी स्पर्धेच्या आधीच बोलून ठेवा. रात्री नऊला कुलूप लावलेल्या गेटसमोर पन्नास माणसं वॉचमनला हाका मारत उभी राहणं परवडणारं नाही. पाम बीच मार्गासारख्या खाडीलगतच्या मोकळ्या रस्त्यावर धावण्याची शर्यत असेल तर पाणी वाटपाच्या प्रत्येक ठिकाणी बस उभी हवी. तिथे दुसरा आसरा नाही.

हे सगळं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. तरी लोक मैदानात थांबतात, कारण प्रवेश फी भरलेली असते, निघालं तर समोरच्या संघाला पुढे चाल मिळते, आणि टर्फचा तास फुकट जातो. माझं म्हणणं या जागी आहे. अर्जावर “स्वतःच्या जबाबदारीवर खेळत आहे” अशी सही घ्यायची आणि निघून जाणाऱ्याला बाद करायचं, या दोन गोष्टी एकत्र चालूच शकत नाहीत. जबाबदारी माझी असेल तर निघायचा हक्कही माझा हवा. स्पर्धेच्या नियमपत्रकात सरळ छापा: गडगडाट ऐकू येताच किंवा ॲपवर २० किलोमीटरच्या आत वीज दिसताच खेळ थांबेल, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कोणी मैदानात उतरणार नाही, मध्ये पुन्हा आवाज आला तर ३० मिनिटं नव्याने मोजली जातील, या कारणाने मैदान सोडणारा संघ बाद ठरणार नाही, आणि सामना पुन्हा होऊ शकला नाही तर निकाल नाणेफेकीवर लागेल. टर्फवाल्यांनीही वीज असताना सोडलेला तास दुसऱ्या दिवशी द्यावा. क्रिकेटच्या कायद्यातल्या दुसऱ्या नियमानुसार परिस्थिती धोकादायक आहे यावर दोन्ही पंचांचं एकमत झालं की त्यांनी खेळ लगेच थांबवायचाच असतो, कर्णधारांची संमती लागत नाही. गल्लीतल्या स्पर्धेच्या पंचालाही हा अधिकार उघडपणे दिला पाहिजे.

२०२२ मध्ये देशात विजेने २,८८७ माणसं गेली, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. शेतात काम करणाऱ्याला पोटासाठी उघड्यावर राहावं लागतं. चषकासाठी उघड्यावर राहायची सक्ती कोणावरही नाही. अकॅडमीतल्या बारा वर्षांच्या मुलाला तर “सर, मी जातो” म्हणताच येत नाही. तिथे प्रशिक्षकाने थांबवायचं, आणि तो थांबवत नसेल तर गाडीत बसून वाट बघणाऱ्या आईवडिलांनी उतरून मुलाला घेऊन यायचं.

आणि कोणाला वीज लागलीच तर त्याच्या अंगात करंट राहत नाही, लगेच हात लावता येतो. एकाहून जास्त जण पडले असतील तर ओरडणाऱ्याकडे नंतर जा, निपचित पडलेल्याकडे आधी. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे. विजेने थांबलेलं हृदय कधी कधी आपोआप सुरू होतं, पण श्वास मागे राहतो, आणि श्वास मिळाला नाही तर ते पुन्हा बंद पडतं. म्हणून छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दर ३० दाबांनंतर दोन श्वास, मदत येईपर्यंत न थांबता. विजा चालूच असतील तर आधी त्याला उचलून आसऱ्याला न्या. दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा आणि मैदानाच्या नावासोबत सेक्टर आणि गेट सांगायचं. तिसऱ्याने त्या गेटवर जाऊन उभं राहायचं आणि तिथे लावलेल्या बाईक बाजूला करायच्या.