तोंड उघडतंय म्हणजे जबडा शाबूत? साफ खोटं

'चेहऱ्याला मार लागला? दवाखान्याची घाई नको!' हा मेसेज पोळ्यापासून आमच्या भागातल्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय: तोंड उघडलं तर हाड शाबूत. आंबेहळदीचा लेप लावून चोळलं की जबडा जाग्यावर बसतो. नाकातलं रक्त-पाणी जोरात शिंकरून काढा. आणि सूज उतरेपर्यंत थांबा.

माझ्या भाच्याला बैलाचं शिंग लागलं तेव्हा ताईने हेच वाचून लेप लावला. पोराला भाकर चावेना, तर वरण-भात कुस्करून भरवत राहिली. जबडा दोन ठिकाणी मोडला होता.

खालचा जबडा मोडूनही माणूस तोंड उघडतो, बोलतो, चहा पितो. बघायचं ते दात. ते पूर्वीसारखे एकमेकांवर बसेनासे झाले का? खालचा ओठ, हनुवटी बधिर झाली का? हिरडी फाटून दोन दातांमध्ये पायरी पडली का? यातलं एकही असेल तर हाड मोडलंय असंच धरा. लहान मूल हनुवटीवर पडलं तर आणखी जपायला हवं. हनुवटीला टाके पडतात, सगळे निश्चिंत होतात, आणि कानापुढचा मोडलेला सांधा तसाच राहतो. पुढे तो जखडला तर तोंड उघडत नाही, जबड्याची वाढ खुंटते.

चोळण्याबद्दल काय बोलावं! दातांच्या ओळीतून मोडलेलं हाड तोंडात उघडं पडलेलं असतं. चोळून टोकं सरकतात, लाळेतले जंतू आत शिरतात, पू होतो.

सगळ्यांत घातक आहे ते शिंकरणं. गालाचं किंवा डोळ्याखालचं हाड मोडलं असेल तर शिंकरताच हवा डोळ्याभोवती घुसते. नाकातून पाण्यासारखं पातळ गळत असेल तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, आणि मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचना अशा लक्षणाला कवटीचा तळ मोडल्याची खूण मानतात आणि 1 तासाच्या आत डोक्याचा सीटी स्कॅन करायला सांगतात. दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं उमटली तरी तेच.

सूज उतरू द्या, यात थोडं तथ्य आहे, तेही फक्त नाकापुरतं. वाकडं नाक सरळ करायला डॉक्टरही काही दिवस थांबतात. पण तपासणी आधीच करावी लागते, कारण नाकाच्या पडद्यात रक्त साकळलं तर ते लगेच काढावं लागतं, नाहीतर कूर्चा, म्हणजे नाकातलं मऊ हाड, सडून नाक बसतं. दोन-दोन दिसत असेल, किंवा मार लागलेलं मूल वर बघताना ओकत असेल, तर डोळा वरून पांढराशुभ्र दिसला तरी थांबू नका. स्नायू मोडलेल्या हाडात अडकलेला असू शकतो.

श्वास अडत असेल, रक्त थांबत नसेल, तर 108. एरवी सीटी स्कॅन आणि मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याचे) सर्जन जिथे आहेत तिथे जा. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात, वर्ध्याजवळ सावंगीच्या दंत महाविद्यालयात हा विभाग आहे. हाड सरकलेलं नसेल तर कधी नुसत्या पातळ आहारावरही भागतं. सरकलं असेल तर प्लेट-स्क्रू, किंवा तारेने दात 4 ते 6 आठवडे बांधतात. भाच्याला प्लेटी बसवाव्या लागल्या.