युरोपियन, अमेरिकन आणि वकीलसाहेब

वकीलसाहेबांनी कट्ट्यावर टेकण्यापूर्वीच मोबाइल पुढे केला, तेव्हा आजही बॉस्टनचाच बर्फ उपसावा लागणार हे आम्ही ओळखले. मुलगी तिकडे गेल्यापासून हिवाळ्यात त्यांना दोन नकाशांखेरीज काही सुचत नाही. या वेळी युरोपियन मॉडेलच्या, म्हणजे संगणकी हवामान अंदाजाच्या, नकाशात शहर भरपूर बर्फाच्या गडद जांभळ्या पट्ट्यात होते; जीएफएस या अमेरिकन मॉडेलच्या नकाशात मात्र ते किरकोळ बर्फाच्या फिक्या निळ्या कडेला कसेबसे टेकले होते.

"युरोपियनच खरे. सँडी चक्रीवादळाच्या वेळी ते सिद्ध झाले आहे," असा निकाल त्यांनी नेहमीप्रमाणे सुनावणीआधीच दिला.

२०१२चे सँडी अमेरिकेच्या किनाऱ्याकडे वळणार हे युरोपियन मॉडेलने जीएफएसच्या कित्येक दिवस आधी दाखवले होते, हे मास्तरांनी मान्य केले आणि लगेच जानेवारी २०१५ची आठवण काढली. त्या वेळीही भिस्त युरोपियनवरच होती, न्यूयॉर्कला दोन फुटांच्या वर बर्फाचा इशारा दिला गेला, बर्फासाठी पूर्वी कधीही न थांबलेली तिथली भुयारी रेल्वे रात्री बंद ठेवली गेली, आणि सेंट्रल पार्कमध्ये पडला ९.८ इंच. नुकतेच सुधारलेले जीएफएस तेथे कमीच बर्फ सांगत होते.

"पण बॉस्टनला दोन फूट पडलाच ना?"

"पडला, म्हणूनच सांगतो. वादळ चुकले नव्हते, त्याची कड चुकली होती." मास्तरांनी वकीलसाहेबांच्या मोबाइलवर अंगठा टेकवला, तर जांभळे आणि निळे दोन्ही त्याखाली झाकले गेले. "वादळाची वाट एवढीशी सरकली, की फावडे घेणाऱ्याला छत्री लागते. शिवाय मॉडेल मुळात पाणी मोजते. एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ हा सरधोपट हिशोब झाला. हवा कडक थंड असेल तर त्याच पाण्याचा वीस इंचही होतो, शून्याच्या आसपास पाच-सहावर भागते, आणि मध्येच एखादा उबदार थर घुसला तर नुसते बर्फाचे खडे नाहीतर पाऊस पडतो."

वकीलसाहेबांना हे पटले नाही, कारण त्यांना पटत नसतेच. जीएफएस दिवसातून चार वेळा चालते आणि चारही वेळा वेगळे बोलते, ही त्यांची मुख्य हरकत होती. "दर सहा तासांनी जबानी बदलणाऱ्या साक्षीदाराला आमच्याकडे फितूर म्हणतात!"

"दर सहा तासांनी नवा पुरावा येतो, वकीलसाहेब. नवा पुरावा येऊनही मत न बदलणारा मनुष्य मी रोज या कट्ट्यावर पाहतो."

अण्णांनी अशा वेळी मांडवली करायचीच असते, म्हणून त्यांनी दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यावी, असे सुचवले. यावर मास्तर उखडले. सुरुवातीच्या नोंदींत किंचित फरक करून युरोपियन मॉडेल चालवणारे केंद्र एकाच वादळाचे ५१ अंदाज काढते. त्यांतले निम्मे वीस इंच म्हणत असतील आणि निम्मे दोन, तर सरासरी येते अकरा, म्हणजे ५१ पैकी एकानेही न सांगितलेला आकडा. मला विचाराल तर त्या संध्याकाळचे सर्वांत शहाणे वाक्य हेच होते. अण्णांनी मात्र "मग बारा धरा" म्हणून तेही खर्ची घातले.

धाकट्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय काढून पाहिला. फेब्रुवारी २०२५पासून युरोपियन केंद्र तसले मॉडेलही रोज चालवते, असे त्याने सांगितले. "छान! म्हणजे तिसरा फितूर," वकीलसाहेब म्हणाले.

येथे अण्णांनी जुनी जखम उघडली. मागे दहा दिवस आधीच्या एका जांभळ्या नकाशावर विसंबून वकीलसाहेबांनी लेकीला विमानाचे तिकीट बदलायला लावले होते, आणि ठरल्या दिवशी तिने निरभ्र आकाशाचा फोटो पाठवला होता. "कोणते मॉडेल होते हो ते?" वकीलसाहेब बोलेनात. "युरोपियन," मास्तरांनी हलक्या आवाजात नोंद केली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. वकीलसाहेबांनी दोन्ही नकाशे लेकीलाही धाडले होते, तिचे उत्तर आले होते. ते त्यांनी मोठ्याने वाचायला घेतले आणि वाचून झाल्यावर पस्तावले: "बाबा, फावडे मागच्या वर्षीचेच आहे. दोन्ही मॉडेलांना चालते."

आम्ही हसत असतानाच ते जीएफएसचा नवा अंदाज आला का, ते पाहू लागले.