हॅरियरला धावपट्टी लागायची नाही? कोण म्हणतं?

नौदल दिन जवळ आला की आमच्या गिरगावातल्या सोसायटीच्या ग्रुपवर नौदलाच्या जुन्या सी हॅरियर या लढाऊ विमानाबद्दल एक मेसेज हमखास उगवतो. त्याचा मथितार्थ असा: ‘सी हॅरियर ओव्हल मैदानातूनसुद्धा सरळ वर उडालं असतं. फॉकलंडच्या युद्धात ते हवेत गचकन थांबायचं, शत्रू पुढे गेला की मागून टिपायचं. असं सोनं आपण भंगारात काढलं!’ खाली पाच-पंचवीस तिरंगे.

आधी ओव्हल. हॅरियरच्या पेगासस इंजिनाचा जोर सुमारे 9.7 टन. इंधन आणि शस्त्रं भरून विमानाचं कमाल वजन सुमारे 11.9 टन. सरळ वर जायचं तर वजन जोरापेक्षा कमी हवं, म्हणजे इंधन तरी काढा नाहीतर शस्त्रं तरी. मग वर जाऊन करायचं काय? त्यात मुंबईचा मे महिना. गरम हवा विरळ, जोर आणखी घटतो. म्हणून इंजिनात पाणी फवारायची सोय होती, पण ते 227 लिटर पाणी दीडेक मिनिटात संपायचं. शिवाय ओव्हलची माती! इंजिनाचा झोत सोडणारी चारही नोझल, म्हणजे वळती तोंडं, खाली वळली की झोत जमिनीवर आपटून माती-खडे उडवणार आणि तेच इंजिन आत ओढणार. (पिचचं काय होईल, ते क्रिकेटवाल्यांना विचारा.)

म्हणूनच आपल्या ‘विराट’ या विमानवाहू जहाजावरून हॅरियर धावतच सुटायचं. डेकच्या टोकाला 12 अंशांची चढण. वैमानिकाच्या डाव्या हाताशी, थ्रॉटलला लागूनच, नोझलचा दांडा. टोक आलं की तो मागे ओढायचा, झोत तिरका खाली वळायचा आणि विमान जड असूनही तरून जायचं. तरंगत उतरणं मात्र शंभर टक्के खरं, कारण परतताना इंधन जळून विमान हलकं झालेलं असे. गेटवेसमोर ज्यांनी ते तरंगताना पाहिलं, त्यांनी असंच हलकं विमान पाहिलं.

आता ब्रिटन आणि अर्जेंटिनातलं फॉकलंड युद्ध, 1982. ब्रिटिश सी हॅरियरनी हवेत 20 च्या आसपास विमानं पाडली, हवाई झुंजीत स्वतःचं एकही गमावलं नाही. पण ‘गचकन थांबून’ नव्हे. झुंजीत वेग घालवणारा आयतं सावज होतो. कामी आली ती साइडवाइंडर क्षेपणास्त्राची नवी आवृत्ती आणि वैमानिकांचा सराव. अर्जेंटिनाच्या विमानांकडे तर घुटमळायला इंधनही नव्हतं. गंमत म्हणजे त्या मोहिमेचं मुख्य जहाज ‘हर्मीस’ हेच पुढे 1987 मध्ये आपलं ‘विराट’ झालं. मेसेजवाल्याला हे ठाऊकच नाही, नाहीतर आणखी तिरंगे पडले असते.

राहिलं भंगार. 1983 साली आलेली विमानं 2016 मध्ये निवृत्त झाली. मधल्या काळात अपघातांत ताफा निम्म्यावर आला होता, आणि खुद्द ब्रिटिशांनी आपली सी हॅरियर 2006 मध्येच काढल्यामुळे सुटे भाग मिळणं जिकिरीचं झालं होतं. जागी आलेलं मिग-29के स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान आहे. सपाट उड्डाणात हॅरियरला ते कधीच जमलं नाही. सरळ उतरणारं आणि स्वनातीतही असं आज सेवेत एकच विमान आहे, अमेरिकेचं एफ-35बी. आणि शस्त्रं भरून जहाजावरून उडताना तेही धावतंच.