आधी लगीन कारशेडचं

मेट्रोच्या ट्रायल रनला झेंडा दाखवणं बंद करा, असं मी म्हटलं की घरचेच माझ्यावर तुटून पडतात. "तुला कशातच काही चांगलं दिसत नाही" हे ठरलेलं वाक्य. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे, लोकल लेट असेल तरच वाचा.

मी मुलुंडचा. आमच्या एलबीएस रोडवर मेट्रो 4 चे (वडाळा ते कासारवडवली, पुढे गायमुख) पत्रे लागले, त्यानंतर जन्मलेली पोरं आता शाळेत जातात. त्यामुळे 22 सप्टेंबर 2025 ला गायमुख ते विजय गार्डन अशी पहिली गाडी धावली, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर दिवाळी आली होती. शेजारच्या काकांनी तर "आता नवीन वर्षात वडाळ्याला मेट्रोने" असं जाहीरच करून टाकलं. मी एवढंच विचारलं, की गाडी वर चढली कुठून? मेट्रोचा पूल जमिनीला टेकतो तो कारशेडमध्ये, आणि या मार्गाची मोघरपाड्याची कारशेड तर अजून तयारच नव्हती.

उत्तर मेहुण्याकडून आलं. तो घोडबंदर रोडला राहतो. त्याने गॅलरीतून काढलेला व्हिडिओ पाठवला. रात्रीची वेळ, खाली ट्रेलर उभा, आणि मेट्रोचा अख्खा डबा क्रेनच्या पट्ट्यांवर तोलून वर निघालेला. डब्याची दोन्ही तोंडं प्लास्टिकने बांधलेली. खाली हेल्मेटवाली माणसं डब्याला बांधलेल्या दोऱ्या ताणून उभी, वाऱ्याने डबा फिरू नये म्हणून. वर पुलावर आणखी काही जण, चाकं रुळावर नीट बसतायत का ते बघायला टॉर्च घेऊन वाकलेले. डबा वर जायला लागला त्याहून जास्त वेळ शेवटच्या वीतभर अंतराला लागला. मेहुण्याचं म्हणणं, "काय टेक्नॉलॉजी आहे भावजी!" आहेच. दोऱ्या धरणाऱ्यांना तर माझा सलाम. पण घराला जिना नाही म्हणून कपाट खिडकीतून चढवावं लागलं, तर कौतुक हमालांचं करायचं, घर बांधणाऱ्याचं नाही.

बरं, गाडी रस्त्याने आणायलाच लागते, त्यात कोणाचा दोष नाही. लोकलच्या दोन रुळांतलं अंतर 1,676 मिलिमीटर, मेट्रोचं 1,435. म्हणजे कारखान्यातून निघालेली मेट्रो रेल्वेच्या रुळांवरून स्वतःच्या चाकांनी येऊच शकत नाही. मेट्रो 2अ आणि 7 च्या गाड्या बेंगळुरूहून बीईएमएल या सरकारी कंपनीतून आल्या, मेट्रो 3 च्या आंध्रातल्या श्रीसिटीतल्या अल्स्टॉमच्या कारखान्यातून. एकेक डबा ट्रेलरवर लादून, घाट उतरून. इथपर्यंत ठीक. प्रश्न सुरू होतो तो डबा मुंबईत पोचल्यावर.

कारशेड म्हणजे गाड्यांची रात्रीची झोपायची जागा, असा आपला समज आहे. झोपणं हे तिथलं सगळ्यात किरकोळ काम. सुटे आलेले डबे तिथे जोडतात. गाडी जागेवर उभी ठेवून दारं, ब्रेक, एसी, वायरिंग तपासतात. रुळाखाली खड्डे असलेल्या लाइनीवर गाडी आणून माणसं खाली उतरतात आणि बोगी न् बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) बघतात. हे झाल्यावर गाडी आधी सावकाश चालवायची, मग हळूहळू वेग वाढवायचा. पुढे लखनौच्या आरडीएसओची, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेची, मंडळी येतात. डब्यांत माणसांऐवजी वाळूच्या गोण्या भरतात, गाडी पळवून किती हेलकावे खाते ते मोजतात, मग अचानक ब्रेक मारून ती किती अंतरात थांबते ते बघतात. आधी कोरड्या रुळांवर, नंतर रुळांवर पाणी मारून. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, तेव्हा ही ओल्या रुळांची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची.

आता यातली गंमत बघा. ओल्या रुळावर चाक फिरायचं थांबून घसरलं, की ते एका जागी चपटं होतं. मग गाडी धावायला लागली की दर फेऱ्याला ठक्, ठक्. ते चाक पुन्हा गोल तासायचं तर जमिनीखाली बसवलेलं लेथ लागतं, गाडीचं चाक न काढता तासणारं. हे लेथ असतं कारशेडमध्ये. घोडबंदर रोडच्या डोक्यावर, पुलावर, क्रेनने ठेवलेल्या गाडीचं चाक चपटं झालं तर काय करायचं? पुन्हा क्रेन बोलवायची?

म्हणून म्हणतो, तानाजी मालुसऱ्यांच्या पद्धतीने जावं. आधी लगीन कारशेडचं.

आपण नेमकं उलटं करत आलोय, आणि एकदा नाही. मेट्रो 3 ची कहाणी सगळ्यांना माहीत आहे तरी थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर 2019 मध्ये गोरेगावच्या आरेत कारशेडसाठी रात्री झाडं तोडली. नोव्हेंबरमध्ये नव्या सरकारने काम थांबवलं. 2020 मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, डिसेंबरात हायकोर्टाची स्थगिती आली. 30 जून 2022 ला पुन्हा सरकार बदललं, पुन्हा आरे. दरम्यान गाडी तयार होऊन बसलेली. मग आरेतल्याच सारिपुतनगरला तात्पुरती शेड उभी करून 30 ऑगस्ट 2022 ला पहिली चाचणी उरकली, तीही मरोळ नाक्यापर्यंतच्या सुमारे तीन किलोमीटरवर. ट्रेलर आरेच्या रस्त्याने आत न्यायचे म्हणून त्याआधी फांद्या छाटल्या, त्यावरून पुन्हा आंदोलन, पुन्हा पोलीस.

आरेची झाडं तोडायला नको होती, असं माझं आजही मत आहे. आणि कारशेडशिवाय मेट्रो चालत नाही, हेही माझंच मत. दोन्ही एकदम मानता येतात, फक्त वाद घालताना अडचण होते. मीरा-भाईंदरच्या मेट्रो 9 चं तेच. आधी राई, मुर्धे, मोर्वेच्या गावकऱ्यांचा विरोध, मग कारशेड डोंगरीला, तर तिथे हजारो झाडांचा प्रश्न. मे 2025 मध्ये काशीगावपर्यंत चाचणी सुरू झाली तेव्हा भिस्त होती ती चारकोपच्या जुन्या कारशेडवर. यात गावकऱ्यांना किंवा पर्यावरणवाल्यांना शिव्या घालण्यात काही अर्थ नाही. मार्गाची रेघ आधी ओढायची, भूमिपूजन करायचं, खांब उभे करायचे आणि मग शेवटी, "अरे, गाड्या ठेवायच्या कुठे?" म्हणून जागा शोधायला निघायचं, ही सवय कोणाची? मानखुर्दच्या मंडाळ्यात कारशेड उभी होती, म्हणून मेट्रो 2ब च्या गाड्या एप्रिल 2025 मध्ये तिथूनच सरळ चेंबूरच्या डायमंड गार्डनपर्यंत चाचणीला निघाल्या. क्रेन नाही, तात्पुरती शेड नाही.

आता झेंड्याकडे येतो. वर्सोवा-घाटकोपरची ट्रायल रन 1 मे 2013 ला झाली, लोक बसले 8 जून 2014 ला. मेट्रो 2अ आणि 7 ला झेंडा 31 मे 2021 ला, पहिला टप्पा सुरू झाला 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला. मेट्रो 3 ला तर आरे ते बीकेसी सुरू व्हायलाच दोन वर्षांहून जास्त गेली. मुख्यमंत्री दर वेळी वेगळे होते, हार तेच, आणि दुसऱ्या दिवसापासून "कधी सुरू होणार?" हा प्रश्नही तोच. वर्षभर चाचण्या चालणं यात वावगं काही नाही, चालायलाच हव्यात. वावगं आहे ते पहिल्या दिवशी फुलं लावून लोकांना जवळपास झालंच असं वाटायला लावणं. मग घाई लागते, आणि घाईचा रेटा शेवटी त्या गोण्या भरणाऱ्यांवर येतो.

मोनोरेलचं ताजं उदाहरण आहे. 5 नोव्हेंबर 2025 ला वडाळ्याला नव्या गाडीची चाचणी चालू असताना ती कलंडली, आतल्या कर्मचाऱ्यांना बाहेर काढावं लागलं. दिवसभर मीम्स फिरत होते. मला हसू आलं नाही. गाडीत प्रवासी नव्हते, चाचणी होती म्हणून निभावलं. त्याच वर्षी 19 ऑगस्टच्या पावसात मोनोरेल माणसांनी खच्चून भरलेली असताना अडकली होती, आणि काचा फोडून लोकांना खाली उतरवावं लागलं होतं. जे बिघडायचं ते रिकाम्या गाडीत बिघडू दे, त्यासाठीच चाचणी असते. हां, त्यात आपलीच माणसं जखमी होण्याची वेळ येऊ नये, ही जबाबदारी वेगळी.

शेवटचं प्रमाणपत्र देतात ते मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त. हे कार्यालय विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. विचित्र वाटतं, पण गाड्या चालवणाऱ्यांच्या हाताखाली तपासणारा नसावा म्हणून तसं ठेवलंय, आणि मला ती फार शहाणपणाची सोय वाटते. त्या माणसाला तारीख विचारायला कोणी जाऊ नये.

तारखा विचारायच्या त्या कारशेडच्या. मोघरपाड्यावर मेट्रो 4 च नाही, पुढच्या 10 आणि 11 चाही भार पडणार आहे. तिथे पहिली लाइन कधी टाकली जाणार, तपासणीचे खड्डे कधी, लेथ कधी, पूल खाली कधी उतरणार, हे फलकावर लिहून लावा. पेपरात कोपऱ्यात ती नोटीस येते ना, अमुक तारखेपासून तारांमध्ये 25,000 व्होल्टचा प्रवाह सोडला जाईल, जवळ जाऊ नये? तशी रोखठोक भाषा हवी. मी ती नोटीस झेंड्याच्या बातमीपेक्षा जास्त मन लावून वाचतो.

मोघरपाडा, कासारवडवलीकडे राहणारे कोणी असतील तर तिथल्या कामाचे हल्लीचे फोटो कॉमेंटमध्ये टाका. पुलाचे नकोत, जमिनीवरचे.